जे सोडले, ते कोणाचे होते?

काही वर्षांपूर्वी मी खाडीकाठच्या एका लहानशा धर्मग्रामात होतो. तेथील एका वाडीला जुन्या रिवाजाने पॅरिश कौन्सिलमध्ये दोन जागांचा मान होता. वाडी लहान, घरे अवघी पंचवीस-तीस. आणि मोठ्या आळ्यांतून कुरकुर चाललेली, की एवढ्याशा वाडीला दोन जागा कशाला? वाद पेटू लागला. अखेर एका सभेत त्या वाडीचे वयोवृद्ध पुढारी उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या मनात किल्मिष नको. आम्ही दोन्ही जागा सोडतो. तुम्ही आमचेच आहात, आमची काळजी घ्याल." सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षस्थानी मी होतो. मीही टाळ्या वाजवल्या. ख्रिस्ती त्यागाचे याहून सुंदर उदाहरण कोणते, असे माझ्या मनात आले.

सभा संपवून बाहेर पडलो, तो वाडीच्या अगदी शेवटच्या टोकाला राहणारी एक विधवा बाई पायरीवर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "फादर, काकांनी जे सोडलं, ते त्यांचं होतं का आमचं?"

मला उत्तर देता आले नाही. रात्री ब्रेव्हिअरी मिटल्यावरही तो प्रश्न मिटेना. पुढे एका पावसाळ्यात भारताच्या संविधान सभेच्या वादविवादांचे खंड वाचायला घेतले, तेव्हा तोच प्रश्न फार मोठ्या व्यासपीठावर, फार मोठ्या माणसांच्या संदर्भात पुन्हा भेटला. त्या वाचनातून जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने राज्यघटना स्वीकारली. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील सुमारे अडीच हजार सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या जाऊन चर्चिल्या गेल्या. हे आकडे केवळ श्रमाचे मोजमाप नव्हे. ज्या सभागृहात एका पक्षाचे निर्विवाद बहुमत होते, तेथे इतक्या सूचना ऐकून घेतल्या गेल्या, याचा अर्थ मतांची संख्या आणि शब्दांचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे कोणीतरी मानत होते. मूठभर ख्रिस्ती सभासदांच्या तेथील कार्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

सभागृहाचे खरे काम बरेचदा समितीत होते. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याक यांच्याविषयी जी सल्लागार समिती होती, तिचे अध्यक्ष सरदार पटेल. तिच्या पोटात अल्पसंख्याकांची एक उपसमिती होती. तिचे अध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी. हे बंगाली ख्रिस्ती, कलकत्ता विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. धर्मस्वातंत्र्याच्या कलमाचा मूळ मसुदा आला, तेव्हा त्यात धर्म प्रकट करण्याचे आणि आचरण्याचे स्वातंत्र्य होते, प्रसाराचे नव्हते. एप्रिल १९४७ मध्ये या उपसमितीत मद्रासचे मरियादास रत्नस्वामी यांनी एक मुद्दा मांडला: ख्रिस्ती आणि इस्लाम हे धर्म स्वभावतःच प्रसारशील आहेत, तेव्हा प्रसाराचा अधिकार नसेल, तर त्या धर्मांच्या आचरणाचेही स्वातंत्र्य अपुरेच राहील. उपसमितीला ते पटले आणि 'प्रसार' हा शब्द आत आला. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात आपण आज तो वाचतो.

समितीत गॅलरी नसते, टाळ्या नसतात, वृत्तपत्रांचे बातमीदार नसतात. तेथे बोलणाऱ्यासमोर दहा-पंधरा माणसे असतात आणि ती त्याच्या डोळ्यांत पाहत असतात. म्हणूनच तेथे एका माणसाचा एक नेमका मुद्दा एक शब्द हलवू शकतो. सभागृहात वक्तृत्व लागते. समितीत तयारी लागते आणि त्याहूनही अधिक, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची शक्ती लागते. लोक आपल्या प्रतिनिधीला त्याच्या भाषणांवरून ओळखतात. पण त्याच्या सदसद्विवेकाची परीक्षा, जेथे कोणी पाहत नाही त्या समितीच्या टेबलाशी होते.

तो शब्द समितीतून सभागृहात आला आणि ३ व ६ डिसेंबर १९४८ रोजी त्याच्यावर वादळ उठले. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी तो काढून टाकावा असा आग्रह धरला. देशाची फाळणी नुकतीच झालेली, मने दुखावलेली. त्यांच्या भीतीला काहीच आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा वेळी त्या शब्दाच्या बाजूने कोण उभे राहिले? पंडित लक्ष्मीकांत मैत्र, टी. टी. कृष्णम्माचारी, कन्हैयालाल मुन्शी. यांतील एकही ख्रिस्ती नव्हता. आपण अनेक वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि आपला धर्म बदलण्याचा कोणी प्रयत्न केला नाही, अशी साक्ष कृष्णम्माचारींनी दिली. हा शब्द म्हणजे ख्रिस्ती समाजाशी झालेल्या समजुतीचा भाग आहे आणि तो पाळला पाहिजे, असे मुन्शींनी सांगितले. त्या दिवसांत अध्यक्षांच्या खुर्चीवर उपाध्यक्ष या नात्याने कोण बसले होते? डॉ. मुखर्जीच. खुर्चीवरचा माणूस वादात पडत नाही. स्वतःच्या श्रद्धेविषयी बरे-वाईट बोलले जात असता, बोलणाऱ्या प्रत्येकाला त्याची पाळी देणे एवढेच त्यांच्या हाती होते.

मला या प्रसंगातून एक गोष्ट उमगली. अल्पसंख्य समाजाच्या प्रतिनिधीचे यश तो किती जोरात बोलला यावर ठरत नाही. जो त्याच्या समाजाचा नाही, तो त्याच्या बाजूने बोलायला उभा राहतो का, यावर ते ठरते. असा विश्वास भाषणाने एका दिवसात मिळत नाही. तो शाळेच्या वर्गात, दवाखान्याच्या खाटेशी, समितीच्या टेबलाशी वर्षानुवर्षे मिळवावा लागतो. कृष्णम्माचारींची साक्ष सभागृहात नोंदली गेली डिसेंबर १९४८ मध्ये. पण ती मिळवली होती, ज्यांची नावे कोणाच्या ध्यानात नाहीत अशा शिक्षकांनी, कितीतरी आधी.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो.

१९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती समाजाला विभक्त मतदारसंघ होते. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी तीन जागा भारतीय ख्रिस्ती म्हणून होत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये संविधान सभेने विभक्त मतदारसंघ रद्द करण्याचे ठरवले. मात्र संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा असाव्यात, हे मान्य केले. १९४८ च्या मसुद्यात तशी तरतूद होती आणि तीत मद्रास व मुंबई येथील भारतीय ख्रिस्ती समाजाचा स्पष्ट उल्लेख होता. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. मुंबई म्हणजे आपणच. वसई, साष्टी, ठाणे, पुणे येथल्या आपल्या वाडवडिलांविषयीच तो मसुदा बोलत होता.

मे १९४९ मध्ये सल्लागार समितीची बैठक झाली आणि अनुसूचित जातींखेरीज इतर अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव डॉ. मुखर्जींनी स्वतःच मांडला. तो प्रचंड बहुमताने संमत झाला. २५ आणि २६ मे रोजी संविधान सभेने त्यावर चर्चा करून तो मान्य केला. बेगम ऐजाज रसूल यांनी मुस्लिम समाजाच्या वतीने पाठिंबा दिला. मंगळूरचे जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा सभासद होते. त्यांचाही या निर्णयाला पाठिंबा होता. मद्रासचे महंमद इस्माईल यांनी मात्र उलट मागणी केली; विभक्त मतदारसंघच ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता. तो फेटाळला गेला.

मुखर्जींची भूमिका थोर होती, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. एक राष्ट्र उभे करायचे असेल, तर धर्माच्या नावावर राजकीय कुंपणे किती काळ जपायची? ज्याला शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा आहे, त्याने प्रथम आपल्या दाराची कडी काढली पाहिजे. शिवाय हा मनुष्य दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणारा नव्हता. पुढे १९५१ पासून १९५६ साली मृत्यू येईपर्यंत ते पश्चिम बंगालचे राज्यपाल होते. त्यांची राहणी अत्यंत साधी आणि आपल्या कमाईतील मोठा वाटा त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दिला.

पण येथेच तो पायरीवरचा प्रश्न उभा राहतो. विद्यापीठाला दिलेला पैसा मुखर्जींचा होता. राखीव जागा त्यांच्या होत्या का?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवताना आमचे प्राध्यापक एक साधा भेद वारंवार सांगत: स्वतःच्या मालकीची वस्तू आणि विश्वासाने सोपवलेली ठेव. स्वतःचे ताट बापाने उपाशी माणसापुढे सरकवले, तर तो त्याग. मुलाचे ताट सरकवले, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. कदाचित तो शहाणपणाचा निर्णय असेल, कदाचित अपरिहार्यही असेल, पण त्याचे समर्थन त्यागाच्या भाषेत करता येणार नाही. प्रतिनिधीचे स्थान त्या बापासारखे आहे. समाजाचे हक्क त्याच्या हाती ठेव म्हणून असतात. 'आम्ही सोडतो' असे तो म्हणतो, तेव्हा त्या 'आम्ही'मध्ये किती 'ते' दडलेले असतात, हे पाहावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की मग प्रतिनिधीने काहीच सोडू नये काय? त्याला पावलोपावली गावी परत येऊन विचारावे लागले, तर सभागृह चालायचे कसे? आक्षेप रास्त आहे. प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे. मतदारांना तो केवळ आपले श्रम देणे लागत नाही, आपली विवेकबुद्धीही देणे लागतो, हे एडमंड बर्क यांनी १७७४ साली ब्रिस्टॉलच्या मतदारांना तोंडावर सांगितले होते. (पुढे १७८० साली ती जागा त्यांना सोडावी लागली, हेही खरे!) चर्चेत समोरच्याचे ऐकून मत बदलण्याची मुभा नसेल, तर चर्चेला अर्थच उरत नाही. म्हणून 'विचारल्याशिवाय काहीही सोडणे पाप' असा सोपा नियम मला मान्य नाही.

मग नियम कोणता? संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची जी व्याख्या केली, तिच्यात एक धागा सापडतो. कायदा हा विवेकाचा आदेश असावा, तो सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची काळजी ज्याच्यावर आहे त्याने तो करावा आणि तो जाहीर केलेला असावा. यातला 'काळजी' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. अधिकाराचा उगम काळजीत आहे. तेव्हा प्रतिनिधी जेव्हा इतरांच्या वतीने काही सोडतो, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत. जे सुटते आहे, त्याची झळ त्यालाही बसणार आहे का? सोडण्याची कारणे त्याने उघडपणे, नोंद राहील अशी सांगितली आहेत का? आणि तिसरा, सर्वांत कठीण: ज्यांच्या वतीने तो बोलतो, त्यांच्यातील सर्वांत दुबळ्या माणसावर सर्वांत मोठा भार तर पडत नाही ना?

पहिल्या दोन प्रश्नांना मुखर्जी आणि त्यांचे सहकारी उतरतात. जी जागा गेली, ती त्यांच्यासारख्यांनाच मिळाली असती. कारणे त्यांनी सांगितली. ती छापली गेली. म्हणून तर आज एक साधा धर्मगुरू त्यांच्याशी वाद घालू शकतो. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र माझी जीभ अडखळते.

ज्या सभागृहात हे घडले, त्याचे सभासद प्रौढ मताधिकाराने निवडलेले नव्हते. प्रांतिक विधिमंडळांनी त्यांना निवडले होते आणि त्या विधिमंडळांचे मतदार मालमत्ता, कर, शिक्षण अशा निकषांवर ठरलेले होते. शेतमजूर ख्रिस्ती, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेला ख्रिस्ती, यांतील फारच थोड्यांनी कधी मतपेटी पाहिली असेल. त्यांचा प्रतिनिधी कोण होता? पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९५० रोजी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला आणि हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची समजले जाणार नाही, असे त्यात नमूद झाले. पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा त्यांत समावेश नव्हता.

येथे मला काळजीपूर्वक बोलले पाहिजे. या आदेशाचा दोष मुखर्जींच्या माथी मारता येणार नाही. धर्माधारित राखीव जागा आणि अनुसूचित जातींचे संरक्षण हे दोन वेगळे विषय आहेत आणि एक सोडल्यामुळे दुसरे गेले, असेही नाही. पण दलित ख्रिस्ती माणसाच्या जागेवरून पाहा. १९४९ मध्ये ख्रिस्ती म्हणून जे मिळणार होते, ते त्याच्या सुशिक्षित बांधवांनी उदारपणे सोडले. १९५० मध्ये दलित म्हणून जे मिळायचे, ते तो ख्रिस्ती असल्यामुळे मिळाले नाही. दोन्ही वेळी त्याला कोणी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर ही गोष्ट केवळ सरकारची नाही. आमच्याच ख्रिस्तसभेत जातीची उतरंड होती. कोठे कोठे बसण्याच्या जागा आणि दफनभूमीसुद्धा वेगळ्या होत्या. ज्याला घरात आवाज नव्हता, त्याला सभागृहात तो कोठून मिळणार?

या दृष्टीने पाहिले, की महंमद इस्माईल यांचे हरलेले भाषणही निराळे दिसू लागते. त्यांची मागणी मला पटत नाही. विभक्त मतदारसंघांनी या देशाचे भले केले असते असे मला वाटत नाही. पण टाळ्यांच्या गजरात उभे राहून 'माझे लोक अजून तयार नाहीत' असे सांगणारा एक माणूस असणे, हे त्या सभागृहाच्या आरोग्याचे लक्षण होते. अँग्लो-इंडियन समाजाचे फ्रँक अँथनी यांनी आपल्या लहानशा समाजासाठी लोकसभेत व विधानसभांत नेमणुकीची तरतूद मिळवली. ती २०२० च्या जानेवारीपर्यंत टिकली. त्यांनी मागितले म्हणून ते कोते आणि मुखर्जींनी सोडले म्हणून ते थोर, असे मोजमाप मला आता करवत नाही. ठेव जपणे हाही एक धर्म आहे.

गणना या पुस्तकात सलाफहादच्या पाच मुलींची कथा आहे. बापाला मुलगा नाही, म्हणून त्याचा वाटा बुडणार होता. त्या पाच बहिणी मोशेपुढे, एलाजार याजकापुढे, सरदारांपुढे आणि सर्व मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले म्हणणे मांडले. मोशेने काय केले? त्याने तत्काळ निकाल दिला नाही. समाजाच्या ऐक्यासाठी हक्क सोडा, असा उपदेशही केला नाही. त्याने त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरासमोर नेले. आणि उत्तर आले, की मुलींचे म्हणणे बरोबर आहे. कायदा बदलला. पुढे त्याच पुस्तकाच्या शेवटी वंशाचे वडीलधारे आले, त्यांनी आपली अडचण सांगितली आणि त्या कायद्याला मर्यादा घातली गेली. म्हणजे मोशेच्या काळीही सभागृहात मिळवलेला शब्द तसाच राहत नव्हता! आपल्या 'प्रसार' या शब्दाचेही तेच झाले: १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. प्रतिनिधी शब्द पेरतो; त्याचे पीक त्याच्या हाती नसते. त्याच्या हाती एवढेच असते, की पेरण्यापूर्वी त्याने मोशेसारखे, जो कधी बोलत नाही त्याचे ऐकून घ्यावे.

१९८३ च्या कॅनन कायद्याप्रमाणे आम्हा धर्मगुरूंना राजसत्तेचा वाटा असलेले पद स्वीकारता येत नाही. फादर जेरोम डिसोझांचा काळ निराळा होता. पण आमच्या हाती सत्ता नाही, असे मानून आम्ही निश्चिंत होऊ नये. धर्मगुरू रोज कोणाच्या ना कोणाच्या वतीने बोलतो. आणि त्याला तर कोणी निवडूनही दिलेले नसते. म्हणून तो पायरीवरचा प्रश्न सर्वांत आधी माझ्याकरता होता.

त्या सभेनंतर आठ दिवसांनी मी वाडीवर गेलो. क्रुसाजवळच्या अंगणात घरटी एक माणूस बोलावले, बायाही आल्या. काकांना वाईट वाटले होते, पण तेही आले आणि आपण का सोडले ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. तीन तास बोलणे चालले. अखेर वाडीने ठरवले, की दोन्ही जागा सोडायच्या. म्हणजे निर्णय तोच राहिला. ती बाई विरोधात होती आणि शेवटपर्यंत विरोधातच राहिली. निघताना मी तिला म्हटले, "म्हणजे तुझं काही चाललं नाही."

ती म्हणाली, "नाही चाललं. पण आज जे गेलं, ते आम्ही दिलं, फादर. त्या दिवशी ते नुसतंच गेलं होतं."